येणेगूरचा रूट

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

नकार दिला. स्पष्ट शब्दांत दिला, आणि शब्द निवडून दिला.

उमरग्याहून कोंडीराम आणि त्यांच्या पत्नी विठाबाई सकाळच्या एसटीने आले होते. सोबत मुलगा अमरसिंह. माझी नात हर्षाली ज्या दूध कंपनीच्या मुरूम केंद्राची व्यवस्थापक आहे, त्याच कंपनीच्या उमरगा केंद्राचा तो व्यवस्थापक. पद एक, कंपनी एक. मुलाकडच्यांनी आपण होऊन मुलीच्या दारी यावे, हे आमच्याकडे विरळा; त्यावरूनच समजले की दोघांचे आपसांत ठरले आहे. त्याला माझी हरकत नव्हती. मी जुना आहे, मागासलेला नाही.

मिळकत विचारली. माझा मुलगा कृष्णराज असता तर त्याने विचारली असती. मुलीचा बाप नाही म्हणून आजोबाने विचारायची. अमरसिंह म्हणाला, "बत्तीस हजार, आबा."

"आणि त्यावरचे?"

"त्यावरचं काही नाही. दोन तिमाह्या टार्गेट झालं नाही."

मान खाली न घालता म्हणाला. तेच मला अधिक खटकले. हर्षालीला बत्तीसवर आणखी सोळा मिळतात, दोन्ही तिमाह्यांत पूर्ण मिळाले. नियम तोच, वर्ष तेच.

कोंडीरामांचे हमरस्त्यावर टायरचे दुकान आहे. बोलणे सैल. म्हणाले, "गुर्जी, नवरा मुलगा आणलाय, बैल न्हाय आणला. दात कशाला मोजायलाव?" स्वयंपाकघरात सूनबाई, हर्षालीची आई, हसली. मला हसू आले नाही. मी म्हणालो, "एकाच वर्गात, एकाच प्रश्नपत्रिकेत जो दोनदा अनुत्तीर्ण झाला, त्याच्या हाती पहिल्या क्रमांकाची मुलगी मी कशी देऊ?"

वाक्य निर्दोष होते.

हर्षाली काही बोलणार होती. अमरसिंहने तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली — नको, अशी. मी त्याचा अर्थ असा घेतला की त्याला आणखी शोभा नको आहे.

ते उठले. सूनबाईने मला न विचारता विठाबाईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ठरले काहीच नाही आणि ओटी कशाची? विचारले तर म्हणाली, "मामंजी, बाईमाणूस दारातनं रिकामं जाऊ द्यायचं न्हाय."

१० नोव्हेंबर, सोमवार

हर्षाली केंद्रावर निघताना रोज माझ्या खोलीच्या दारात येऊन "आबा, येते" म्हणते. आजही म्हणाली. अंगणातून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीचे मार्चमधले परिपत्रक पुन्हा वाचले. ते आले तेव्हा हर्षालीने मला दाखवले होते, आणि मी त्यातल्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून दिल्या होत्या. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन वाक्ये तोडून चार केली. आशयाकडे लक्षच दिले नव्हते, हे आज ध्यानात आले.

आशय असा. पूर्वी प्रत्येक व्यवस्थापकाला महिना चाळीस हजार आणि दिवाळीला एका पगाराएवढा बोनस. केंद्र लहान असो की मोठे, पाऊस पडो की न पडो. एप्रिलपासून ठरलेले वेतन बत्तीस हजार. दिवाळीचा बोनस बंद. त्याऐवजी केंद्राने नेमून दिलेले लिटर आणि फॅट गाठली तर महिना सोळा हजारांपर्यंत, हिशेब तिमाहीला. उद्दिष्टाच्या नव्वद टक्क्यांखाली राहिले तर शून्य. कागदावर वर्षाची एकूण मिळकत पाच लाख वीस हजारांवरून पाच लाख शहात्तर हजार होते, म्हणून परिपत्रकाचे शीर्षक 'वेतनवाढ'. पण उद्दिष्ट हुकले, तर तीन लाख चौऱ्याऐंशी. शिवाय भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, ठरलेल्या वेतनावर मोजतात. तेही आपोआप घटले. वाढ म्हणून सही घ्यायची आणि घट हाती द्यायची. असे शीर्षक मी आठवीच्या मुलालाही चालू दिले नसते. मार्चमध्ये मात्र चालू दिले. त्यातल्या 'वेतनवाड'चा ढ मीच दुरुस्त केला होता.

हर्षालीला बोलावले. म्हणालो, योजना वाईट आहे हे मान्य. पण सर्वांना सारखीच वाईट आहे. तू गाठलेस, त्याने गाठले नाही.

"नियम सारखा आहे, आबा. केंद्रं सारखी नाहीत."

"त्याचे केंद्र तर मोठे. त्याला सोपे."

"टार्गेटही मोठं." मग बराच वेळ ती परिपत्रकाची घडी घालत राहिली. "आबा, ती परीक्षा नव्हती. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर नापास म्हणालात."

"मग काय होते ते? सांग."

घडी माझ्या हातात दिली आणि गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

गुडघे फार दुखतात. ओसरीच्या दोन पायऱ्या उतरायला सूनबाईचा हात घ्यावा लागला. तिने हात दिला, उतरताच काढून घेतला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाजारातल्या छापखान्याने नेहमीप्रमाणे लग्नपत्रिकांचे मसुदे पाठवले. हे काम मी निवृत्त झाल्यापासून विनामूल्य करतो. या भागातली एकही पत्रिका 'आर्शिवाद' घेऊन बाहेर पडू नये, एवढीच इच्छा. आज पाच होत्या. चौथीत वधूचे नाव हर्षाली. आडनाव वेगळे, गाव वेगळे. तरीही तिच्यावर पेन्सिल टेकवून किती वेळ बसलो, सांगता येत नाही.

सूनबाई चहा ठेवायला आली आणि उभी राहिली. म्हणाली, "मामंजी, येक विचारू? ह्यांचं स्थळ घेऊन तुमी आमच्या बापाकडं आलाव, तवा ह्यांला पगार किती हुता?"

कृष्णराजला तेव्हा नोकरीच नव्हती. हे तिलाही ठाऊक, मलाही.

"माझ्या बापानं काय इचारलं हुतं, आठवतंय का? पोरगं दारू पितं का, आन् आईवर आवाज चढवतं का. बास." कप उचलून गेली. चहा मी घेतलाच नव्हता.

१ डिसेंबर, सोमवार

पुण्याचे एक स्थळ आले. अभियंता, स्वतःची सदनिका, वार्षिक मिळकत मोठी. हर्षालीने छायाचित्रही पाहिले नाही.

म्हणालो, "पुणे वाईट नाही. मार्चमध्ये तूच पुण्याचे नाव काढले होतेस."

"तेव्हा काढलं होतं."

आठवले ते असे. आम्ही तिघे जेवत होतो. तिने वरण वाढता वाढता विचारले, "आबा, पुण्यात राहायला आवडेल का तुम्हाला?" मी म्हणालो, "मी मुरूम सोडणार नाही. न्यायचेच असेल, तर मेल्यावर न्या." ती हसली. सूनबाईही हसली. वरण छान झाले होते. विषय तिथे संपला.

आजही तिचे उत्तर थोडक्यात होते. "आबा, तुमच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. पण दुसरीकडेही करणार नाही. आता स्थळं बघू नका." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आले असते.

११ डिसेंबर, गुरुवार

कंपनीने हर्षालीला उत्कृष्ट केंद्राचे स्मृतिचिन्ह दिले. काचेचे, आत सोनेरी थेंब. तिने ते घरी आणून माळ्यावर टाकले. मी शेजारच्या मुलाकडून काढवून, पुसून, बैठकीत कृष्णराजच्या तसबिरीखाली ठेवले. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा माळ्यावर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा काढवले नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस. वेळा अमावस्या म्हणावे, असे मी शाळेत शिकवत असे. शेतात मात्र कोणीही तसे म्हणत नाही. वर्षातून या एका दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात.

येणेगूरच्या वाटेवर आमचे थोडे रान आहे. बटाईदाराने ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. सूनबाईने पूजा केली, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील मांडली. बटाईदाराने कोपीभोवती आंबील शिंपडत फेरे घातले — "वलगे वलगे सालम पलगे." या शब्दांचा अर्थ मला आजवर कोणी सांगितलेला नाही. पूर्वी चिडत असे. आज नुसता ऐकत राहिलो. हर्षाली नव्हती, दुधाला सुटी नसते, दुपारी येते म्हणाली होती.

या दिवशी वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचे, ही रीत. सूनबाईने दुधाचा टेंपो थांबवला. चालवणारा महेबूब निघाला. माझ्या शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी. अक्षर भयंकर, गाणे सुरेख. आता येणेगूरच्या बाजूची गावे घेऊन दूध मुरूमच्या केंद्रावर घालतो आणि रिकामा टेंपो घेऊन उमरग्याला घरी जातो.

मांडी घालून बसला, आंबिलीचे दोन पेले रिचवले. "काकी, भज्जी अशी झालीया, का आमच्या नसीमबीला सांगितलं तर मला घरात घ्यायची न्हाय." सूनबाईने आणखी वाढली. मी सहज विचारले, धंदा कसा चालला आहे?

"धंदा काय गुर्जी. फेरा तोकडा झाला, भत्ता तोकडा झाला. आदी ह्यो रूट उमरग्याला जायचा. मार्चपस्तोर. आता मुरूमलाच रिता व्हतोय."

"कंपनीने बदलला?"

"कंपनी कशाला बदलतीय? अमरसिंह साहेबानीच लिहून दिलं, येणेगूरचा रूट मुरूमला जोडा म्हणून. आमी समदे येडे झालो. म्हशीचं दूध, फॅट सातच्या वर, असला रूट कुठला मॅनेजर सोडतोय? मी म्हणलं, साहेब, टार्गेट तर मागल्या सालच्या आकड्यावर धरलंय, ह्या रूटासकट. रूट गेल्यावर भरणार कशानं? तर हसले. म्हणले, महेबूबभाई, तुमचा भत्ता कमी व्हईल, येक वरीस सोसा, मीबी सोसतो."

सूनबाईचा पळीचा हात थांबला होता. तिलाही हे ठाऊक नव्हते.

मी विचारले, "आणि मुरूमचे उद्दिष्ट?"

"त्यात ह्यो रूट धरलाच न्हाय की. ते ह्या रूटाबिगर ठरल्यालं. म्हणून तर हर्षाली म्याडमचं भरतंय. न्हायतर उन्हाळ्यात खाजगीवाल्यांनी दर वाढवून मुरूमचं निम्मं दूध पळवलं हुतं. त्यांचं केंद्र बसलं असतं, गुर्जी." मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमास्नी म्हाईत हुतं ना?"

मी म्हणालो, हो. जन्मात इतके सरळ खोटे बोललो नव्हतो.

तो गेल्यावर सूनबाई म्हणाली, "पयला नंबर कुणाचा आला मग, मामंजी?" टोमणा नव्हता. ती खरेच विचारत होती.

दुपारी हर्षाली आली. भज्जी खाल्ली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

२० डिसेंबर, शनिवार

माझ्या नातीच्या मिळकतीतले जे सोळा हजार मी त्याच्या तोंडावर फेकले, ते त्याचेच होते.

स्मृतिचिन्ह माळ्यावर का जाते, ते समजले.

२३ डिसेंबर, मंगळवार

हर्षालीला विचारायचे होते: त्याने असे का केले? प्रेमापोटी, एवढे तर मलाही कळते. पण मग रूट देण्याऐवजी लग्न करून दोघांचा संसार एका मिळकतीत चालवता आला असता. रूट का? प्रश्न मनात नीट जुळवून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती दूरध्वनीवर बोलत होती. "जेवलास का?" एवढेच कानी आले. परत फिरलो. तिने त्याला जेवलास का विचारावे आणि मी मध्ये जाऊन पगाराचे विचारावे — पुन्हा?

२८ डिसेंबर, रविवार

उमरग्याला गेलो. एकटा. सूनबाईला सांगितले, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. तिने अंगरख्याच्या खिशात पेढ्यांचा पुडा कोंबला. डॉक्टरांकडे कोणी पेढे नेत नाही.

कोंडीरामांचे दुकान महामार्गाला लागून. हैदराबादकडे जाणारे ट्रक अंगावर आल्यासारखे जातात. दुकानाला उंच पायऱ्या. मी खालीच थांबलो. त्यांनी पाहिले, ट्रकच्या जुन्या टायरवर पोते टाकले, मला बसवले, आणि मग म्हणाले, "बोला गुर्जी. हवा मारायची का पंक्चर काढायचं?"

जन्म शब्दांत काढला आणि पंक्चरवाल्यासमोर शब्द नाही.

म्हणालो, "माझी चूक झाली."

"ते मला कशाला सांगताव? मला न्हाय नापास केलं तुमी."

"अमरसिंहला भेटायचे आहे."

"गेला तो. कलबुर्गीला. तुमच्याकडनं आलो, त्या आठवड्यातच राजीनामा टाकला. पयल्या तारखेपासनं तिथं दुसऱ्या डेअरीत हाय."

"पगार?" शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. कोंडीराम मोठ्याने हसले. ट्रकखाली असलेला कामगारही हसला.

"सुटत न्हाय की गुर्जी तुमची सवय! अठ्ठावीस हजार. ठरल्यालं. बोनस न्हाय, टार्गेट न्हाय, मोठ्ठा आकडा दाखवून बारका हातात ठेवायचं न्हाय. मी म्हणलं, येड्या, कमी झालं की. तर म्हणतो, आप्पा, महिन्याला किती येणार ते महिन्याआदी कळलं पाहिजे. पुढं संसार करायचाय का न्हाय."

संसार हा शब्द त्याने वापरला होता. मी तो तिथेच धरून बसलो.

विचारले, येणेगूरचा रूट त्याने का सोडला, हे आपल्याला ठाऊक आहे काय? कोंडीरामांनी हातातला पाना खाली ठेवला. "मी इचारलं हुतं. म्हणला, आप्पा, इचारू नका. न्हाय इचारलं. तुमच्या नातीला म्हाईत आसंल, तिला इचारा. पर मास्तरवाणी इचारू नका."

विठाबाई दुकानामागच्या घरातून पाणी घेऊन आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि त्या दिवशी माझ्या घरी एक शब्द न बोललेल्या त्या बाई बोलल्या. "तुमच्या सुनंनं भरल्याली ओटी मी मोडली न्हाय, भाऊ. नारळ देवापाशी हाय. खण शिवायला टाकला न्हाय. शिवायचा का माघारी पाठवायचा, तेवढं सांगा. रोज दिसतोय डोळ्याफुडं."

"शिवा," मी म्हणालो.

"तुमी म्हणून काय व्हतंय आता? त्यानं म्हणाय पायजे."

पेढे त्यांच्या हातात दिले. घेतले. कोंडीरामांनी एसटीपर्यंत दुचाकीवर सोडले. चढताना कमरेला हात दिला. "पोरगं रागावलं न्हाय, गुर्जी," खिडकीतून म्हणाले. "रागावलं आस्तं तर बरं झालं आस्तं. राग निवतो. ते आपलं गुमान निघून गेलं."

तीन पेढे पुड्यातून काढून त्यांनी माझ्या खिशात परत ठेवले होते, हे घरी आल्यावर कळले.

२९ डिसेंबर, सोमवार

सूनबाईने विचारले, "डाक्टर काय म्हणले?" म्हणालो, उशीर केलात म्हणाले.

३ जानेवारी २०२६, शनिवार

अमरसिंहला पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा 'चिरंजीव' असा सुरू झाला. तो अधिकार मला कोणी दिला? दुसऱ्यात कारणमीमांसा आली. तिसऱ्यात मी माझ्या वयाचा आधार घेतला. चौथा बरा होता, पण त्यात 'मला पूर्ण माहिती नव्हती' असे वाक्य होते. माहिती नव्हती हे खरे. पण माहिती मागितली का? मी मिळकत मागितली. मिळकत मिळाली.

चारही मसुदे शुद्ध. पाठवण्याजोगा एकही नाही.

४ जानेवारी, रविवार

छापखान्याकडून पत्रिकांचा नवा गठ्ठा आला. चष्मा सापडत नाही, असे सांगून परत पाठवला. चष्मा डोळ्यांवर होता. छापखान्याचा मुलगा सभ्य, गठ्ठा उचलून गेला.

५ जानेवारी, सोमवार

हर्षालीची तिसरी तिमाहीही पूर्ण भरली. पुन्हा सोळा-सोळा हजार. मोबाइलवर संदेश आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. वाचला आणि मोबाइल खिडकीत पालथा ठेवला. सूनबाईने विचारले, काय गं? "काही नाही. पगार."

पूर्वी दिवाळीला बोनस यायचा तेव्हा ही मुलगी घरभर नाचत असे. तो सर्वांना एकदमच यायचा. कोणाचा कमी नाही, कोणाचा जास्त नाही. त्या बोनसला मी 'आळशांचे बक्षीस' म्हणत असे. उमरग्याचे आणि मुरूमचे व्यवस्थापक तेव्हा एकमेकांना पेढ्यांचे डबे पाठवत. अमरसिंहचे नाव या घरात प्रथम आले, ते त्याच डब्यावर.

७ जानेवारी, बुधवार

आज विचारले. मास्तरसारखे नाही. ती भाकरी करत होती, मी उंबऱ्यावर बसलो.

"येणेगूरचा रूट त्याने तुला का दिला, बाळा?"

तिने भाकरी उलटली. "मला नाही दिला, आबा. मला पुण्याच्या कंपनीने बोलावलं होतं मार्चमध्ये. इथला पगार घटला असता तर जावंच लागलं असतं. तुमचं ते वाक्य मी त्याला सांगितलं. मुरूम सोडणार नाही, ते. तो म्हणाला, मग गुरुजींना हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी रूट लिहून दिला. तुम्हाला कळू द्यायचं नाही, म्हणाला. ओझं वाटेल."

भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात घातली.

तिचा तुकडा मोडता मोडता मी विचारले, कलबुर्गीत तळमजल्याची घरे भाड्याने मिळतात का.

तिने तवा खाली उतरवला. "आबा, तिथं सगळं कन्नडमध्ये आहे. पाट्यासुद्धा."

म्हणालो, शिकेन.